पिंग होतंय, पण पान उघडत नाही

सातारा जिल्ह्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचा सर्व्हर मी सांभाळते. यंत्र एकच (त्याला होस्ट म्हणतात), त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली, आणि लिनक्समधल्या केव्हीएम या सोयीच्या आधाराने चालणाऱ्या तीन व्हीएम, म्हणजे आभासी यंत्रं (त्यांना गेस्ट म्हणतात). एकीत कोहा आहे, म्हणजे पुस्तकांची सूची आणि देवघेव. दुसरीत जुन्या मासिकांच्या स्कॅनचा साठा. तिसरी नव्याने आली, ती फायरवॉलची, म्हणजे आतलं जाळं आणि बाहेरचं इंटरनेट यांच्यामधल्या पहारेकऱ्याची. आधी फायरवॉलचं वेगळं खोकं होतं, ते वळवाच्या पावसात वीज पडली तेव्हा जळालं. नवं घ्यायला निधी नव्हता आणि सर्व्हरवर जागा भरपूर होती, म्हणून फ्रीबीएसडी या लिनक्सहून वेगळ्या प्रणालीवर बेतलेली फायरवॉल व्हीएममध्येच बसवली. तिला दोन नेटवर्क कार्डं दिली: एक आतल्या ब्रिजवर (होस्टमधला आभासी स्विच), एक बाहेरच्या. तिन्ही व्हीएमची सगळी कार्डं व्हर्टआयओ प्रकारची, म्हणजे खास व्हीएमसाठी बेतलेली आभासी कार्डं.

फायरवॉल उभी राहिली आणि काउंटरवरचे पीसी, वाचनकक्षातले पीसी, ग्रंथपालांचा लॅपटॉप, सगळ्यांचं नेट झकास सुरू झालं. कोहाच्या व्हीएममधून मात्र बाहेर काही जाईना. मुदत उलटलेल्या पुस्तकांची ईमेलं रांगेत साचायला लागली. दुसऱ्या ग्रंथालयांकडून तयार ग्रंथनोंद ओढून घेण्यासाठी झेड39.50 नावाची सोय असते. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सर्व्हरवर ती 210 क्रमांकाच्या पोर्टवर मिळते. तिथे शोध टाकला की चक्र फिरत राहायचं आणि यादी रिकामी यायची. डेबियनची अपडेटं शून्य टक्क्यांवर अडून बसलेली.

ग्रंथपाल काका म्हणाले, "ताई, नेट तर आहे की. मी आत्ताच विजेचं बिल भरलं या लॅपटॉपवरून."

खरं होतं. त्याच फायरवॉलमधून, त्याच नियमांनी, त्याच लाइनवरून लॅपटॉप बाहेर जात होता आणि व्हीएम जात नव्हती. या एका वाक्यात निम्मं निदान होतं. तारेने जोडलेल्या यंत्राला त्रास नाही, होस्टच्या पोटातल्या यंत्राला आहे.

व्हीएममध्ये शिरले आणि काय चालतं ते आधी बघितलं. काय बंद आहे यापेक्षा काय चालू आहे याची यादी अशा वेळी जास्त बोलते. बाहेरच्या पत्त्यांना पिंग (समोरचं यंत्र जागं आहे का ते विचारणारी छोटी हाक) होत होतं. नावाचा पत्ता निघत होता, म्हणजे डीएनएस ठीक. व्हीएममधून फायरवॉलचं स्वतःचं वेब पान उघडत होतं, तेसुद्धा पटकन. कोहाची आणि स्कॅनची व्हीएम एकमेकींशी गिगाबाइटच्या फायली बिनबोभाट हलवत होत्या. बंद होतं ते एवढंच: फायरवॉल ओलांडून जाणारं टीसीपी, म्हणजे वेब, ईमेल वगैरे ज्यावर चालतं तो प्रोटोकॉल. डीएनएसची चौकशी फायरवॉल स्वतःच उत्तर देऊन मिटवते, म्हणून ती चालत होती. बाहेरच्या एखाद्या डीएनएस सर्व्हरला थेट विचारून बघितलं तर तेही उत्तर येईना. म्हणजे डीएनएसची चौकशी ज्या प्रोटोकॉलने जाते त्या यूडीपीचीही तीच गत. फायरवॉलपाशी संपणारं सगळं चालतं, फायरवॉलमधून पुढे जाणारं चालत नाही, आणि याला अपवाद फक्त पिंग.

नेहमीचे संशयित आधी बाजूला काढले. फायरवॉलचे नियम आतल्या सगळ्या पत्त्यांना सारखेच लागू होते. तुकडे करू नका अशी खूण लावून 1472 बाइटांचं पिंग पाठवलं. त्यात 8 बाइट आयसीएमपीचे (पिंगचा प्रोटोकॉल) आणि 20 बाइट आयपीचे मिळवले की बरोबर 1500 होतात. तेही गेलं, म्हणजे एमटीयूची, पॅकेटच्या कमाल आकाराची, भानगड नाही. व्हीएमची नक्कल करताना दोघींना एकच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची ओळख) लागून जाण्याचा प्रकार घडतो. केव्हीएममध्ये ते 52:54:00ने सुरू होत असल्यामुळे नुसत्या नजरेने फरक कळत नाही. तोही अक्षर अक्षर ताडून बघितला. वेगळे होते. होस्टच्या ब्रिजवरून जाणारी पॅकेटं होस्टच्याच आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये, शिरत नाहीत ना, तेही तपासलं. नव्हती शिरत.

मग फायरवॉलच्या कनेक्शनांच्या तक्त्यात बघितलं. कोहाच्या पत्त्यावरून निघालेलं प्रत्येक कनेक्शन 'सिन सेंट' या अवस्थेत थांबलेलं; सिन म्हणजे कनेक्शन मागणारं पहिलं पॅकेट. हात पुढे केला आहे, समोरून कुणी हात मिळवलेला नाही. बाहेरच्या कार्डावर टीसीपीडम्प (पॅकेटं पकडून दाखवणारं साधन) लावला तर सिन पॅकेट बाहेर पडताना दिसत होतं. एक सेकंदाने पुन्हा, मग दोन सेकंदांनी, मग चार सेकंदांनी. 6.5च्या आधीचं लिनक्स सिन असंच दुप्पट अंतराने पुन्हा पाठवतं. उत्तर एकाचंही नाही.

पॅकेट बाहेर पडतंय आणि उत्तर येत नाही असं दिसलं की बोट लाइन पुरवणाऱ्याकडे जातं. पण त्याच लाइनवरून काकांनी बिल भरलं होतं. तेव्हा पॅकेट बाहेर पडतंय खरं, पण ज्या रूपात पडायला हवं त्या रूपात पडत नाही, हा संशय पक्का झाला.

टीसीपीडम्पला तपशील वाढवून चालवलं की तो प्रत्येक पॅकेटचा चेकसम, म्हणजे मजकूर वाटेत बिघडला का ते ओळखण्यासाठीची बेरीज, स्वतः काढून बघतो आणि जुळत नसेल तर 'इनकरेक्ट' असं लिहून बरोबर आकडा शेजारी देतो. कोहाच्या व्हीएममध्ये तो लावला तर प्रत्येक जाणाऱ्या पॅकेटपुढे 'इनकरेक्ट'. हे बघून पुष्कळ जण इथेच उडी मारतात. मारू नये. पाठवणाऱ्या यंत्रावर चेकसम चुकीचा दिसणं हे आजच्या काळात निरोगी लक्षण आहे. चेकसम काढायचं काम लिनक्स स्वतः करत नाही, नेटवर्क कार्डावर सोपवतं, आणि टीसीपीडम्प पॅकेट पकडतो ते कार्डाकडे जाण्याच्या आधी. अजून न भरलेला रकाना तो वाचतो आणि चूक म्हणून ओरडतो. होस्टच्या बाहेरच्या कार्डावर लावला तरी हाच पेच. तिथे दिसणारा चुकीचा चेकसम कार्ड पुढे दुरुस्त करणार आहे की तसाच तारेत सोडणार आहे, हे त्या ओळीवरून सांगता येत नाही.

भरवसा ठेवावा तो स्वीकारणाऱ्या टोकावर. म्हणून एक जुना लॅपटॉप फायरवॉलच्या बाहेर, लाइन पुरवणाऱ्याच्या राउटरच्या आत, प्रत्यक्ष तारेने जोडला. त्याचा पत्ता 192.168.1.110. त्यावर एक साधा वेब सर्व्हर सुरू केला आणि कोहाच्या व्हीएममधून त्याचं पान मागवलं. कोहाचा पत्ता 192.168.16.20.

लॅपटॉपवर सिन पोचलं. व्यवस्थित, फायरवॉलने नॅट करून आपला पत्ता लावलेलं. आणि त्याच्यापुढे 'इनकरेक्ट'. इथे मात्र त्या शब्दाला वजन होतं, कारण हे पॅकेट तारेतून आलेलं होतं आणि आता ते कुणी दुरुस्त करणार नव्हतं. लिनक्समध्ये एनस्टॅट नावाचं छोटं साधन आहे, त्यात 'टीसीपी इन चेकसम एरर्स' असा एक मोजक असतो. सिन येईल तसा तो एकेकाने वर सरकत होता. लॅपटॉपचं कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, प्रत्येक पॅकेट उचलून, बेरीज करून, जुळत नाही म्हणून गुपचूप टाकून देत होतं. बाहेरच्या जगातले सगळे सर्व्हरही हेच करत असणार. नियमच तसा आहे: चेकसम चुकलेल्या टीसीपी पॅकेटला उत्तर द्यायचं नाही, नकारही कळवायचा नाही.

आणखी एक गोष्ट दिसली. सिन पुन्हा आलं की त्यातला टाइमस्टॅम्प बदललेला असायचा, आणि टीसीपीडम्प शेजारी दाखवत असलेला बरोबर आकडाही त्याप्रमाणे बदलायचा. पॅकेटमधला प्रत्यक्ष चेकसम मात्र तोच. मजकूर बदलतो आणि त्याची बेरीज बदलत नाही, म्हणजे ती त्या मजकुराची बेरीजच नाही.

मग ती कशाची बेरीज होती? फायरवॉलच्या आतल्या कार्डावर, नॅट होण्याच्या आधी, पकडलेली पॅकेटं काढली. तिथे हे आणखी स्पष्ट होतं. त्या लॅपटॉपकडे निघालेल्या प्रत्येक सिनचा चेकसम एकच: सोळाच्या पायावर 9301. वेगळं कनेक्शन, वेगळा पोर्ट, वेगळा अनुक्रमांक, तरी 9301.

कागद घेतला. टीसीपीचा चेकसम काढताना पॅकेटच्या मजकुराआधी एक काल्पनिक शीर्षक धरतात. त्यात पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, प्रोटोकॉलचा क्रमांक आणि टीसीपी भागाची लांबी एवढंच असतं. पत्त्याचे दोन दोन आकडे जोडून 16 बिटांचा एकेक आकडा करायचा. 192.168 म्हणजे 192 गुणिले 256 अधिक 168, झाले 49320. 16.20चे 4116. घेणाऱ्याच्या 192.168चे पुन्हा 49320, आणि 1.110चे 366. टीसीपीचा प्रोटोकॉल क्रमांक 6. सिनची लांबी 40, त्यातले 20 बाइट मुख्य शीर्षकाचे आणि 20 पर्यायांचे. एकूण बेरीज 1,03,168. ती 65,536च्या वर गेली की तेवढे वजा करून हातचा एक मिळवायचा: 37,633. हा आकडा सोळाच्या पायावर लिहिला की 9301.

जुळलं तेव्हा खुर्चीतून उठून मी काकांना हाक मारली. त्यांना यातलं काही कळण्याचं कारण नव्हतं, पण कागदावरची बेरीज आणि पडद्यावरचा आकडा एकच आहे हे त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे पत्ता लिहिलाय, पत्र वाचलंच नाही कुणी." नेमकं तेच झालं होतं. त्या रकान्यात फक्त पत्त्यांची बेरीज होती. मजकुराची बेरीज त्यात मिळवून रकाना पुरा करायचं काम पुढच्याचं होतं, आणि पुढच्याने ते केलं नव्हतं.

आता हे 'पुढच्याचं काम' काय असतं ते सांगायला हवं, कारण व्हर्टआयओचा सगळा जीव त्यात आहे. व्हीएमला खोटं पण हुबेहूब कार्ड द्यायची जुनी पद्धत असते. केव्हीएमसोबत आभासी उपकरणं पुरवणाऱ्या क्यूईएमयूचं ई1000 हे इंटेलच्या 82540ईएम या खऱ्या चिपची नक्कल आहे. गेस्टला आपण व्हीएममध्ये आहोत याचा पत्ता नसतो, तो खऱ्या चिपच्या रजिस्टरांना हात लावल्यासारखा वागतो, आणि दर वेळी होस्टला मध्ये पडून ती नक्कल वठवावी लागते. व्हर्टआयओ हे सोंग सोडून देतं. गेस्टचा ड्रायव्हर जाणून असतो की समोर कार्ड नाही, होस्ट आहे. दोघे सामाईक स्मृतीत एक रांग ठेवतात, गेस्ट त्यात पॅकेट ठेवतो, होस्टला खूण करतो, होस्ट उचलतो. रस्टी रसेल यांनी हे मांडलं आणि जानेवारी 2008मध्ये आलेल्या लिनक्स 2.6.24मध्ये ते पहिल्यांदा दाखल झालं. लिनक्सच्या आयपीटेबल्सचं मूळ कामही याच माणसाचं.

या रांगेत ठेवलेल्या प्रत्येक पॅकेटच्या पुढे एक छोटं शीर्षक असतं, नव्या पद्धतीत 12 बाइटांचं. ते तारेत कधीच जात नाही. गेस्ट आणि होस्ट यांच्यातला तो आतला संवाद आहे. त्यातली एक खूण सांगते की चेकसम अर्धा आहे, पुरा करा. शेजारी दोन आकडे असतात: बेरीज कुठून सुरू करायची आणि उत्तर कुठे लिहायचं. साध्या आयपीव्ही4 टीसीपी पॅकेटसाठी ते 34 आणि 16. इथरनेटचे 14 आणि आयपीचे 20 बाइट ओलांडा, तिथून बेरीज धरा, आणि तिथून 16 बाइट पुढे उत्तर लिहा.

समोरची बाजूही व्हर्टआयओची व्हीएम असेल तर होस्ट ते अर्धं पॅकेट तसंच्या तसं, खुणेसकट, तिच्या हाती देतो. एकाच यंत्राच्या स्मृतीतून पॅकेट चाललंय, वाटेत तार नाही, बिट उलटण्याची भीती नाही, मग बेरीज कशाला? स्कॅनच्या फायली दोन व्हीएममध्ये एवढ्या झपाट्याने हलत होत्या त्याचं हेही एक कारण. यात कुणाची फसवणूक नाही. व्हीएम सुरू होतानाच दोन्ही बाजू कुठल्या सवलती घ्यायच्या ते ठरवतात. लिनक्स गेस्टमध्ये सिसएफएसच्या (कर्नलची माहिती फायलींच्या रूपात दाखवणारी जागा) व्हर्टआयओ उपकरणाखाली 'फीचर्स' नावाची फाइल असते, तीत शून्य आणि एक यांची लांब ओळ दिसते. पहिला आकडा एक असेल तर अर्धा चेकसम पाठवायची परवानगी. दुसरा एक असेल तर अर्धा चेकसम घेण्याची तयारी. कोहाच्या व्हीएममध्ये दोन्ही एक होते. फायरवॉलनेही तयारी दाखवली होती, म्हणून तर होस्ट तिला अर्धी पॅकेटं देत होता.

तयारी दाखवणारा जर पॅकेटचा शेवटचा मुक्काम असेल तर सगळं ठीक. फ्रीबीएसडीचा ड्रायव्हर ती खूण बघतो आणि पॅकेटवर 'तपासलेलं, बरोबर आहे' असा शेरा मारून वर पाठवतो. फायरवॉलचं वेब पान म्हणूनच उघडत होतं, डीएनएस म्हणूनच चालत होतं. पण फायरवॉल हा राउटर आहे. पॅकेट तिथे संपत नाही, दुसऱ्या कार्डातून पुढे जातं. आणि 'बरोबर आहे' या शेऱ्याबरोबर 'अजून पुरं करायचं आहे' ही माहिती मागे राहते. पाकिटावर चिठ्ठी टाचलेली आहे की तिकीट पुढच्या टपाल कचेरीत लावा; मधल्याने चिठ्ठी वाचली, काढून ठेवली आणि पाकीट तसंच थैलीत टाकलं, असा हा प्रकार. त्यात नॅटने पत्ता बदलताना जुन्या चेकसममध्ये फरकापुरती वजाबाकी-बेरीज केली, तीही अर्ध्या आकड्यावर. बाहेरच्या कार्डातून निघालेलं पॅकेट होस्टच्या दृष्टीने पूर्ण होतं, त्यावर खूण नव्हती, म्हणून होस्टने आणि खऱ्या कार्डानेही त्याला हात लावला नाही.

पिंग का जात होतं तेही इथे उलगडलं. आयसीएमपीचा चेकसम कुणी कार्डावर सोपवत नाही, पिंग तो स्वतः काढतं. लॅपटॉपचं का चालत होतं तेही: लॅपटॉपच्या खऱ्या कार्डाने तारेत सोडतानाच रकाना पुरा केलेला असायचा.

निदान कागदावर बसलं, पण एका बाजूने उघडून बघितल्याशिवाय मी ते खरं मानत नाही. कोहाच्या व्हीएममध्ये इथटूल या कार्डाच्या सोयी बदलणाऱ्या साधनाने पाठवण्याचं चेकसमचं सोपवणं बंद केलं. रीस्टार्ट नाही, केबल नाही, काही नाही. पुढच्या क्षणी लॅपटॉपवरचं पान उघडलं. एनस्टॅटचा मोजक थांबला. पुन्हा चालू केलं, पुन्हा सगळं अडलं. असं उघडझाप केल्यावर दोष त्याच जागी सापडला तर मग शंका उरत नाही.

या टप्प्यावर सगळीकडे मिळणारा सल्ला म्हणजे कार्ड बदलून ई1000 करा. तेही करून बघितलं, आणि चालतं. पण का चालतं ते कळल्याशिवाय तो सल्ला घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. कोहाला ई1000 दिलं की क्यूईएमयू नक्कल करताना चेकसमही स्वतः काढतं, म्हणून फायरवॉलला पुरं पॅकेट मिळतं. फायरवॉलला ई1000 दिलं तर अर्धं पॅकेट घेण्याची सोयच तिच्यापाशी उरत नाही, म्हणून होस्टचं कर्नल तिला देण्याआधी ते पुरं करतं. कुठल्याही बाजूने बदललं तरी लक्षण जातं, त्यामुळे दोष कुठे आहे हे या प्रयोगातून समजतच नाही. वर नकलेचा सगळा भार कायमचा अंगावर. कोहाला ई1000 असताना स्कॅनच्या व्हीएममधून फाइल ओढली तर होस्टचा प्रोसेसर धापा टाकायला लागला आणि वेग डोळ्यांना दिसेल इतका पडला.

दुरुस्ती कुठे करायची हा खरा निर्णय होता. प्रत्येक गेस्टमध्ये इथटूल लावता आलं असतं. पण मग व्हीएम-व्हीएममधल्या वाहतुकीचीही सवलत जाते, जिला फायरवॉलशी काही देणंघेणं नाही. ती एकाच ब्रिजवरून थेट जाते. शिवाय उद्या चौथी व्हीएम कुणी उभी केली की तीच अडचण पुन्हा, आणि तेव्हा मी तिथे असेनच असं नाही. व्हीएम सांभाळणाऱ्या लिबव्हर्टच्या एक्सएमएल फाइलमध्ये त्या कार्डापुरती सवलत होस्टकडूनच काढून घेता येते. तो मार्ग चांगला आहे. तरी मी फायरवॉलमध्येच बदल केला, कारण पॅकेट पुढे पाठवणारी तीच एक आहे आणि जो कुणी पुढे ही फायरवॉल उघडेल त्याला तो बदल तिथेच दिसायला हवा.

फ्रीबीएसडीत हे दोन तऱ्हांनी होतं. चालू यंत्रात आयएफकॉन्फिग या आज्ञेने व्हीटीनेट (फ्रीबीएसडीत व्हर्टआयओ कार्डाचं नाव) कार्डावरचं आरएक्सचेकसम आणि टीएक्सचेकसम काढायचं. कायमचं हवं तर यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या लोडर.कॉन्फ फाइलमध्ये व्हीटीनेटचा चेकसम-डिसेबल हा पर्याय एक करायचा, म्हणजे सुरू होतानाच्या बोलणीतच ड्रायव्हर ही सवलत नाकारतो. फायरवॉलच्या वेब पानावरही हार्डवेअर चेकसम ऑफलोड बंद करण्याची चौकट आहे. चौकट लावा, पण रीस्टार्ट करून आयएफकॉन्फिगमध्ये ते दोन शब्द पर्यायांच्या ओळीतून खरोखर गेले का ते वाचा. दोन्ही कार्डांवर वाचा. बदल नुसता साठवला गेला आणि लागू झालाच नाही असंही होतं.

चेकसमबरोबर मोठी पॅकेटं घेण्याची सवलतही जाते. व्हर्टआयओच्या नियमात ती दुसरी पहिलीवर टेकलेली आहे: अर्धा चेकसम घ्यायची तयारी नसेल तर टीएसओची (तुकडे करायचं काम पुढच्यावर सोपवणारी सोय) 64 केबीपर्यंतची अखंड पॅकेटं घेता येत नाहीत. राउटरच्या बाबतीत हे बरंच. अनेक पॅकेटं जोडून एक करणारं एलआरओसुद्धा राउटरवर बंदच ठेवावं. जोडलेलं पॅकेट पुढे पाठवताना पुन्हा तोडावं लागतं, आणि ते नीट तुटेलच याची हमी कशाला घ्यायची?

वेगाचं काय, असं काकांनीही विचारलं. वाचनालयाची लाइन 100 एमबीपीएसची आहे. एवढ्या वाहतुकीची बेरीज करणं हे आजच्या प्रोसेसरला जाणवतही नाही. दहा गिगाबिटचं जाळं असतं तर हा हिशेब वेगळा झाला असता आणि मी कदाचित फायरवॉलसाठी खरं कार्डच व्हीएमच्या ताब्यात दिलं असतं.

रीस्टार्टनंतर आतल्या कार्डावर पुन्हा टीसीपीडम्प लावला. 9301 गेला होता. प्रत्येक सिनला आपापला वेगळा चेकसम, प्रत्येकापुढे 'करेक्ट'. आता अर्धं पॅकेट फायरवॉलला देण्याआधी होस्टचं कर्नल स्वतः रकाना पुरा करत होतं, फक्त तिच्यासाठी. कोहाची साचलेली ईमेलं भराभर सुटली. वाचकांचे फोन यायला लागले की एकदम एवढ्या आठवणी कशा आल्या. झेड39.50वर शोध टाकला तर नोंदी आल्या.

हा दोष काही मलाच पहिल्यांदा दिसला असं नाही. फ्रीबीएसडीच्या दोषवहीत 165059 क्रमांकाची नोंद 2012ची आहे आणि ती नेमकी हीच: राउटरवर व्हर्टआयओ ड्रायव्हर वापरला की नेटवर्क मोडतं. याच जातीचा आजार यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीलाही झालेला आहे. होस्टवरच्या डीएचसीपी सर्व्हरने दिलेलं उत्तर अर्ध्या चेकसमनिशी गेस्टमध्ये पोचायचं, आणि पॅकेट थेट कच्चं वाचणारा जुना डीएचसीपी क्लायंट ते चुकीचं म्हणून फेकायचा. त्यासाठी 2010 साली आयपीटेबल्समध्ये चेकसम भरून देणारा खास नियमच आला, आणि लिबव्हर्टने तो 68 क्रमांकाच्या पोर्टकडे जाणाऱ्या यूडीपीसाठी आपल्या जाळ्यात लावायला सुरुवात केली. पण तो यूडीपीसाठी, तेवढ्याच कामापुरता. तो आपल्या टीसीपीवर चिकटवायचा मोह आवरावा.

फ्रीबीएसडीच्या त्या ड्रायव्हरवर 2012नंतर बरंच काम झालं आहे, त्यामुळे हा पर्याय कायमचा दगडावर कोरलेला समजायचं कारण नाही. फायरवॉलच्या प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर मी तो जुना लॅपटॉप बाहेरच्या स्विचला लावते, कोहाच्या व्हीएममधून त्याचं पान मागवते आणि एनस्टॅटमधला तो एक मोजक बघते. वाचनालयाच्या सर्व्हरवर सूचनांची एक फाइल ठेवली आहे, त्यात लॅपटॉपचा पत्ता, मोजकाचं नाव, लोडर.कॉन्फमधली ती ओळ आणि 9301चा हिशेब, सगळं लिहिलंय. त्याच्या वरच्याच ओळीत हेही आहे: कोहाच्या व्हीएममध्ये टीसीपीडम्पने 'इनकरेक्ट' म्हटलं तर काही करू नका, ते तसंच असायला हवं, फायरवॉलच्या आतल्या कार्डावर म्हटलं तर मला फोन करा.